सिंधू शेवटी खोटं बोलली, ते बरोबर होतं का? ('एकच प्याला' वाचताना पडलेला प्रश्न)

गिरणाकाठ

आमच्या गावच्या वाचनालयात गेले पाच गुरुवार आम्ही गडकऱ्यांचं 'एकच प्याला' मोठ्यानं वाचत होतो. दर गुरुवारी एक अंक. भडगाव-पाचोरा पट्ट्यात मे महिन्यात दिवेलागणीआधी कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे सुरुवातच साडेसातला व्हायची. आम्ही नऊ-दहा जण. दोन शिक्षिका, एक निवृत्त तलाठी आप्पा, जिनिंगवर हिशेब लिहिणारे एक भाऊ, बारावीची एक पोर आणि एक मावशी. मावशींना बारीक अक्षर दिसत नाही, त्या नुसत्या ऐकायला बसतात. त्यांचे मालक दारूपायी गेले हे गावाला ठाऊक आहे. त्या स्वतः कधी तो विषय काढत नाहीत.

परवा पाचवा अंक संपला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. त्याचाच कारकून तळीराम दुःख विसरायला म्हणून प्याला पुढे करतो. तिथून घसरण. बायको सिंधू श्रीमंताघरची लेक, पण माहेरचा पैसा नाकारून लोकांची दळणं दळते आणि संसार ओढते. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधूलाही जिवावरचा घाव बसतो. फौजदार जबानी घ्यायला येतो आणि मरणाच्या दारात ती सांगते, मी पडले, यांचा काही दोष नाही. ती गेल्यावर सुधाकर विष घालून शेवटचा प्याला घेतो.

वाचन थांबलं तेव्हा कोणी काही बोलेना. मग मावशी म्हणाल्या, "तिनी खोटं बोलाले नही पाहिजे व्हतं." आणि पिशवी उचलता उचलता, "मी बी बोलेल शे, म्हनीसन सांगस." (मीही बोललेय, म्हणून सांगते.)

आणि जिना उतरून गेल्या.

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की नाटकाचा विषय दारूचे दुष्परिणाम आणि सिंधू म्हणजे पातिव्रत्याचा आदर्श. पूर्ण नाटक सलग ऐकल्यावर मला ते दोन्ही अपुरं वाटतंय. दारू हे कारण नाही, ती वाट आहे. सुधाकर ढासळतो तो एका शब्दाचा मार सहन न झाल्यामुळे. आणि सिंधूचा चांगुलपणा त्याला वाचवत नाही, उलट त्याला पडायला मऊ जागा करून देतो. हे मी फार धाडसानं लिहितेय, चुकत असेन तर सांगा.

धुळे_कोर्ट_रोड

ताई, चुकत नाही. कोर्टातला माणूस म्हणून एक सांगतो. खालच्या कोर्टातल्या वकिलाची सगळी कमाई त्याच्या तोंडावर असते. पक्षकार मागच्या बाकावर बसलेला असतो, त्याला कायदा कळत नाही, पण साहेबांनी आपल्या वकिलाला कसं बोललं ते बरोबर कळतं. बाहेर येऊन तो पानटपरीवर तेच सांगतो. मी तीस वर्षांत दोन-तीन चांगली माणसं अशा एका दुपारीनंतर मिटलेली पाहिली आहेत. पुढे सगळ्यांनी बाटली धरली असं नाही, पण मान खाली गेली ती गेलीच.

शोकांतिकेतल्या नायकाला खाली नेणाऱ्या चुकीला ॲरिस्टॉटल हॅमार्शिया म्हणतो, त्याचं भाषांतर आपल्याकडे 'दोष' असं करून टाकतात. मूळ अर्थ नेम चुकणे असाही आहे. बाण सोडला, लक्ष्य हुकलं. सुधाकर वाईट माणूस नाही, व्यसनी घडणीचाही नाही. त्याचा ताठा हाच त्याचा गुण आहे, त्याच ताठ्यावर तो एवढा वर आला. तोच ताठा नको तिथे वळला. म्हणून तर नाटक भिडतं. मुळातच दारूडा असता तर आपण म्हटलं असतं, गेला भोगाला.

चौथ्या अंकाकडे नीट बघा. तो पिणं सोडायचं ठरवतो, काम मागायला दारोदार जातो आणि सभ्य लोक त्याला हाकलतात. पुन्हा अपमान, पुन्हा प्याला. कोर्टातल्या प्रसंगाचीच ही दुसरी आवृत्ती आहे, फक्त या वेळी मुन्सफाच्या जागी सगळा गाव बसलाय.

शेवभाजी_आणि_कळणा

बाकी काही असो, शंभर वर्षं झाली तरी दारूड्याला आपण 'तळीराम'च म्हणतो. एका पात्राचं नाव सामान्यनाम होऊन बसलं. सुधाकर कोणाला आठवत नाही.

नाटकवेडा_जळगाव

तळीरामावर जरा थांबू या, तो फार कमी लेखला जातो.

त्याला लोक मराठी इयागो म्हणतात, म्हणजे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला खलनायक. मला ते पटत नाही. इयागो ऑथेल्लोच्या कानात विष ओततो आणि स्वतः कोरडा राहतो. त्याचा कशावरच विश्वास नाही. तळीराम मात्र दारूवर मनापासून श्रद्धा ठेवणारा माणूस आहे. तो सुधाकरला फसवत नाही, दीक्षा देतो. आणि स्वतःही त्याच दारूनं मरतो. त्याच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर यांची जी जुंपते ती वाचताना हसू येतं, आणि मग लक्षात येतं की पलंगावर माणूस मरतोय आणि आपण हसतोय. गडकऱ्यांची ही खास चाल आहे. विनोद ते दुःखाच्या आधी किंवा नंतर ठेवत नाहीत, त्याच पलंगावर ठेवतात.

नाटकातलं दारूड्यांचं 'आर्य मदिरा मंडळ'ही तसंच. नुसता दारूड्यांचा गोंधळ नाही तो. त्या काळात गावोगाव मंडळं निघत होती, सभा होत होत्या, ठराव पास होत होते. तीच भाषा, तोच आवेश त्यांनी दारूड्यांच्या तोंडी दिला. सुधारणेच्या बाजूनं जी वाक्यं वापरतात तीच वाक्यं पिण्याच्या बाजूनंही चालतात, हे दाखवलं. सभेला गेलेल्या कोणालाही ते लागलं असणार.

आता मूळ प्रश्न. मरता मरता नवऱ्यानं केलेला खून स्वतःवर घेणारी बाई रंगभूमीवर पहिली सिंधू नाही. ऑथेल्लो आपल्या बायकोचा, डेस्डिमोनाचा गळा दाबतो. तिला विचारतात, हे कोणी केलं? ती म्हणते, कोणी नाही, मीच. देवलांचा 'झुंझारराव' हा ऑथेल्लोचा मराठी अवतार १८९० पासून आपल्याकडे होता, त्यामुळे हा प्रसंग गडकऱ्यांना नक्कीच माहीत असणार. फरक पुढे आहे. ऑथेल्लोत इयागोची बायको एमिलिया गप्प बसत नाही, जिवाची पर्वा न करता खरं काय ते ओरडून सांगते. सिंधूजवळ एमिलिया नाही. सगळ्यांना दिसतं, कळतं, आणि त्या खोट्याच्या पवित्रपणापुढे सगळे हात जोडून उभे राहतात.

गिरणाकाठ

आहे ना, गीता आहे! तळीरामाची बायको. तीही दारूड्याचीच बायको, पण नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. मला तर वाटतं गडकऱ्यांनी सिंधूच्या शेजारी मुद्दाम तिला उभं केलंय. एकाच रोगाचे दोन संसार. एक बाई सोसते, दुसरी भांडते. पण गीता विनोदी पात्रांच्या रांगेत बसवलीय, म्हणून तिचं कोणी मनावर घेत नाही. भांडणारी बाई हसण्यावारी आणि सोसणारी बाई गाण्यावारी.

नाटकवेडा_जळगाव

"सोसणारी बाई गाण्यावारी" हे वाक्य उचलतोय, परवानगी असावी.

रागदारी_रावेर

गाण्याचा विषय निघालाच आहे तर. १९१९ च्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. गडकरी त्याआधी २३ जानेवारीला सावनेरला गेले होते, चौतिसावं पूर्ण व्हायच्या आत. आपलं सर्वांत गाजलेलं नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही. पदंही त्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. त्यामुळे सिंधू बोलते गडकऱ्यांची आणि गाते गुर्जरांची.

(अवांतर: बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात होते, मेहबूब खाँ यांच्याकडे इथेच गाणं शिकले. आपल्या जिल्ह्याला थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

पण याच गाण्यानं शोकांतिकेचं काय केलं बघा. घरात दाणा नाही, बाळ रडतंय, आणि ती बाई 'कशि या त्यजू पदाला' अशी रंगून गातेय की प्रेक्षक वन्स मोअर देतायत. दुःखाला वन्स मोअर! जुन्या लोकांकडून ऐकलंय की त्या पदांसाठीच लोक पुन्हा पुन्हा जायचे. तुम्ही म्हणता त्या 'मऊ जागे'त प्रेक्षकसुद्धा पडून राहिला. रडलाही आणि सुखावलाही. नाट्यशास्त्रातल्या करुण रसाची गोष्ट वेगळी, तिथे दुःखाचा आस्वादच घ्यायचा असतो. आपल्या जुन्या संस्कृत नाटकांत शेवट बहुतेक गोडच, भासाच्या 'ऊरुभंगा'सारखा अपवाद सोडला तर. पश्चिमेकडून आलेला शेवट आणि इथला रस, दोन्ही एकाच नाटकात घातल्यावर असं होणारच. मला ते दोष वाटत नाही. पण गद्य वाचन केलंत म्हणूनच तुमच्या मावशींना तो खोटेपणा टोचला. पेटी-तबला असता तर टोचला नसता.

घरोटा

माझं आयडी बघून ओळखलं असेलच, मी आसोद्याजवळची. सिंधूच्या दळणाबद्दल एक सांगायचंय.

आमच्याकडे जात्याला घरोटा म्हणतात. बहिणाबाईंनी त्याच्यावर गाणं रचलंय. त्या १८८० च्या, गडकरी १८८५ चे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर सिंधू दळत होती तेव्हा इकडे खरोखरीच्या बहिणाबाई, तिशीत विधवा झालेल्या, शेत आणि घरोटा दोन्ही ओढत होत्या. ती गाणी छापून आली ती पार १९५२ साली, त्या गेल्यानंतर. त्यांच्या गाण्यात दळणं हे रोजचं काम आहे. पहाटे उठलं, पीठ पडलं, भाकरी झाली. दळायला लागतंय म्हणून कोणी डोळे पुसत नाही. सिंधूचं दळण मात्र नाटकात पतनाची खूण आहे. बघा, श्रीमंताघरच्या लेकीवर काय वेळ आली! माझ्या आजीनं हे नाटक पाहिलं असतं तर तिला प्रश्न पडला असता की एवढं रडायचं काय त्यात.

सिंधूचे हाल खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण ती शोकांतिका कोणाच्या घरातून दिसते हे या एका जात्यावरून कळतं. पांढरपेशा घरातून.

बारावी_सायन्स_तरी_मराठी

सगळ्यांना नमस्कार. चर्चा छान आहे पण मला 'नाटकातील प्रतीकांचा वापर' यावर थोडं लिहायचंय, कोणी सोपं करून सांगेल का? परवा द्यायचंय.

नाटकवेडा_जळगाव

बेटा, पेला धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. पिऊ नकोस, नुसता धर.

पहिला प्याला अपमान विसरण्यासाठी. मधला, सोडायचं ठरवल्यावर पुन्हा उचललेला. शेवटचा विषाचा. वस्तू तीच, प्रत्येक वेळी आत वेगळं काहीतरी. आणि शीर्षकातला 'च' विसरू नकोस. 'एक प्याला' म्हटलं तर मोजमाप झालं, 'एकच प्याला' म्हटलं की सबब झाली. पिणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो, आणि शेवटी सुधाकरच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, कारण त्या प्याल्यानंतर दुसरा नाहीच. एका अव्ययावर पाच अंकांचा तोल उभा आहे. एवढं लिहिलंस तरी पुरे.

आणि गडकऱ्यांची कोटीबाज भाषा, लांबच लांब अनुप्रास, यावर दोन ओळी घाल. मोठ्यानं वाचताना श्वास कमी पडतो तिथे खूण कर, उदाहरण आपोआप सापडेल.

बारावी_सायन्स_तरी_मराठी

थँक्यू सर 🙏

सातपुडा_सावली

'च' वरून आठवलं. आम्ही तळोद्याकडचे. सातपुड्यात मोहाची दारू आहे, पूर्वापार आहे. पूजेला देवाची धार आधी पडते, मग माणसं घेतात, सगळ्यांबरोबर. ते चांगलंच असं मी म्हणणार नाही, घरं आमच्याकडेही बुडाली आहेत, विशेषतः क्वार्टरची बाटली खेड्यात पोचल्यापासून. सांगायचंय ते एवढंच की सुधाकरचा प्याला हा एकट्याचा प्याला आहे. मंडळात बसून घेतला तरी एकट्याचाच. तो कशाच्या आनंदात पीत नाही. मोह वेचणाऱ्याच्या डोळ्यांनी हे नाटक वाचलं की पहिला प्याला घेतानाच तो माणूस अर्धा मेलेला दिसतो.

आप्पा_निवृत्त

या वाचनात मीही होतो. सुधाकरचा मित्र रामलाल, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. सुधाकरची बालविधवा बहीण शरद, तिचा सांभाळ करणारा हा सज्जन मनुष्य, आणि त्याच्याच मनात तिच्याविषयी ओढ उत्पन्न होते. शरदवर प्रेम करणारा भगीरथ आणि शरद यांच्या आड तो येऊ पाहतो, पुढे सावरतो. समीक्षक म्हणतात हे उपकथानक सैल आहे, काढून टाकलं तरी चालेल. मी म्हणतो मुळीच काढू नये. उपदेश करणाऱ्याच्याही हातात एक प्याला असतो, फक्त तो दिसत नाही, एवढ्यासाठी ते हवं.

लांब आहे हे मान्य. चौथ्या गुरुवारी मला डुलकी लागली होती.

गिरणाकाठ

आप्पा, डुलकी नव्हे, घोरत होता तुम्ही.

पारोळ्याची_सून

बराच वेळ नुसतं वाचतेय. आता लिहिते.

आमच्या गावात दारूच्या दुकानासाठी मतदान झालं होतं. उभी बाटली की आडवी बाटली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दुकान बंद करायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, एकूण यादीच्या. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून आम्ही दारोदार फिरलो. शेतावर गेलेल्या बायकांना बांधावर जाऊन सांगितलं.

बाटली आडवी झाली. पण मला आठवतं ते दुसरंच. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर चार-पाच जणी कुजबुजत एकमेकींना सांगत होत्या, "मी घरात सांगितलंय की उभीवरच मारला." नवरा विचारणार हे नक्की, म्हणून उत्तर आधीच तयार करून ठेवलं होतं.

तेही खोटंच. सिंधूचंही खोटंच. पण सिंधूच्या खोट्यानं नवरा फौजदारापासून सुटला आणि यांच्या खोट्यानं त्या स्वतः नवऱ्यापासून सुटल्या. गिरणाकाठ ताई, तुमच्या मावशी कोणत्या खोट्याबद्दल बोलत होत्या ते मला माहीत नाही. पण बायकांनी खोटं बोलू नये असं त्यांना म्हणायचं असेल असं वाटत नाही. कोणासाठी बोलावं एवढाच प्रश्न आहे.

धुळे_कोर्ट_रोड

मृत्युपूर्व जबानीला कायद्यात वजन असतं ते याच समजुतीवर की मरताना माणूस खोटं बोलत नाही. गडकऱ्यांनी नेमकी तीच जागा निवडली. आणि सुधाकर वकील आहे, हे विसरू नका. आपल्याला वाचवणारी जबानी किती पक्की आहे हे त्या खोलीत त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत नसेल. कायद्यानं तो सुटलाय. म्हणूनच त्याला शिक्षा स्वतःच द्यावी लागते.

तुमच्या 'मऊ जागे'च्या मुद्द्यात एवढी भर. तिनं त्याला फाशीपासून वाचवलं नाही, फाशी देण्याचं काम त्याच्यावर सोपवलं.

रागदारी_रावेर

वा. यावर आता काही बोलवत नाही.

शेवभाजी_आणि_कळणा

अतिअवांतर, पण गडकऱ्यांचं नाव निघालं की मला बालकवी आठवतात. आपल्या धरणगावचे, गडकऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनात रेल्वेखाली गेले, आणि पुढच्या जानेवारीत गडकरी. भुसावळ पॅसेंजरनं जाताना भादली आली की मी खिडकीतून बघतोच. बघण्यासारखं काही नाही तिथे. तरी बघतो.

गिरणाकाठ

काल सहावा गुरुवार झाला. तो ठरलेला नव्हता. या धाग्यावरचं सगळं मी छापून नेलं होतं, सगळ्यांनी वाचलं. पारोळ्याच्या ताईंचा प्रतिसाद आप्पांनी दोनदा वाचला. मग ठरलं की शेवटचा प्रवेश पुन्हा एकदा वाचायचा, पात्रं बदलून.

सिंधू बारावीच्या पोरीकडे दिली. फौजदार कोण, तर मावशी म्हणाल्या, मी. अक्षर दिसत नाही म्हटल्यावर आप्पा शेजारी बसून कानात ओळ सांगणार आणि त्या मोठ्यानं म्हणणार, असं झालं. फौजदाराची वाक्यं तशी थोडीच आहेत.

पोरीनं ते उत्तर दिलं. मी पडले, यांचा दोष नाही, त्या अर्थाचं. छान वाचलं तिनं, आवाज थोडा कापत होता. आप्पांनी पुढची ओळ मावशींच्या कानात सांगितली. त्या ती बोलल्या नाहीत. पोरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं सांग माय आते, खरं काय व्हयनं?"

पुस्तकात हा प्रश्न नाही. पोरीनं पान उलटलं, मागचं पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. आप्पांनी बोट ओळीवर ठेवून दिलं होतं, तेही त्यांनी उचललं. मावशी थांबल्या होत्या, खऱ्या फौजदारासारख्या.